आईच्या पायात गुठळी: 'वयामुळे' म्हणजे नक्की काय? (मदत हवी आहे)

नमस्कार. आई 76 वर्षांची, सांगलीला दादा-वहिनीकडे असते. मी पुण्यात. मागच्या महिन्यात तिला चिकुनगुन्या झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे असे धरले की तीन आठवडे पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग, एवढाच प्रवास. एरवी ही बाई पहाटे फिरून येताना मंडईतून भाजी घेऊनच घरी यायची.

मग डावी पोटरी दुखायला लागली. चिकुनगुन्याचंच असेल म्हणून वहिनीने दोन दिवस तेल लावून चोळून दिली. तिसऱ्या दिवशी डाव्या चपलेचा पट्टा लागेना. वहिनी शिवणकाम करते, तिने टेप लावली: डावी पोटरी 37 सेंटीमीटर, उजवी 33.5. त्याच संध्याकाळी डॉप्लर (पायातल्या शिरांची सोनोग्राफी) केला. गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी, वर मांडीपर्यंत गेलेली. धाप किंवा छातीत दुखणं नव्हतं, नशीब. अ‍ॅपिक्साबॅन (रक्त गोठू न देणारी गोळी) सुरू आहे. पहिले सात दिवस 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आता 5 दोनदा.

कशामुळे झालं विचारलं तर डॉक्टर "वयामुळे" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आईला तो शब्द लागलाय. "वय काय कालच झालं का? मग गेल्या वर्षी का नाही झालं?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी समजावून सांगेल का?

शिवाय शेजारच्या काकूंनी मेथी-पालक बंद करायला सांगितलंय. दोन महिन्यांनी नागपूरला लग्न आहे, रात्रभराचा प्रवास. आणि ते घट्ट मोजे घालायचे की नाही?

माजी सिस्टर:
तुमच्या आईंचा प्रश्न बरोबर आहे. नुसत्या वयाने गुठळी होत नाही, वयाने जमीन तयार होते. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर. चालताना स्नायू शीर दाबतो, रक्त वर सरकतं, आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. उतारवयात पोटरी बारीक होते, झडपा जाड आणि ताठर होतात. झडपेच्या मागे एक खोबण असते, तिथे रक्त रेंगाळतं. गुठळी बहुधा तिथेच धरते. त्यात फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ असे रक्त गोठवणारे घटकही वयाबरोबर वाढतात. म्हणून तरुणपणी वर्षाला दहा हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट ऐंशीच्या घरात शंभरात एखाद्याला होते, ढोबळ मानाने.

बर्लिनच्या रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने आम्हाला तीन कारणं पाठ करायला लावायचे: रक्त तुंबणं, रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं आणि शिरेच्या आतल्या अस्तराला इजा. आईंची पहिली दोन वयाने आधीच थोडी पुढे सरकली होती. तीन आठवडे पडून राहणं आणि तापातली सूज (तीही रक्त गोठायला मदत करते) यांनी उरलेलं काम केलं. गेल्या वर्षी त्या रोज चालत होत्या, म्हणून नाही झालं.

मेथी-पालकाचं पथ्य वॉर्फरिन (रक्त गोठू न देणारी जुनी गोळी) घेणाऱ्यांचं, आणि त्यांनाही बंद करायची नसते, रोज साधारण तेवढीच खायची असते. अ‍ॅपिक्साबॅनला ती अडचण नाही. पण सांधे दुखतात म्हणून घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी परस्पर देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. पोटरी चोळणं बंद. गोळी एकही चुकवायची नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. साधारण तीन महिने तरी चालते. अचानक धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त असं काही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल. काळी शौच झाली किंवा पडून डोक्याला मार लागला तरी तेच, वरून काही दिसत नसलं तरी.

कोरा चहा:
थोडं अवांतर. बाबांचा (72) डी-डायमर (गुठळीची शंका असली की करतात ती रक्ततपासणी) 690 आला, रिपोर्टवर 500 च्या पुढे लाल अक्षर, घरात रडारड. नंतर फिजिशियनने सांगितलं की ही संख्या वयाबरोबर वाढतेच. पन्नाशीनंतर वय गुणिले दहा ही मर्यादा धरतात, म्हणजे बाबांना 720. तीही लक्षणांवरून शंका कमी असेल तेव्हाच, आणि लॅबचं एकक बघून. तुमच्याकडे डॉप्लरमध्येच दिसलंय, त्यामुळे तो हिशोब लागू नाही. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

धागाकर्ती:
सिस्टर, तुमचा प्रतिसाद फोनवर आईला वाचून दाखवला. झडपेमागच्या खोबणीपाशी तिने थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे आडातल्या गाळासारखं. उपसा थांबला की साचतं." डॉक्टरांनी चालायला परवानगी दिलीच होती, पण पडायच्या भीतीने आम्हीच उठू देत नव्हतो. कालपासून दादाचा हात धरून गॅलरीत दहा फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. आजचं माप 35.5.

नागपूरचं पुढच्या तपासणीला विचारते. मोज्यांचं मात्र कुणीच लिहिलं नाहीये. वहिनीने मेडिकलमधून आणून ठेवलेत, अजून पिशवीतच आहेत.