मदत हवी आहे : अकरावी-बारावीच्या मुलांना रुग्णसेवा सहायक म्हणून घडवताना रुग्णालयातील प्रात्यक्षिक कसे असावे?

नमस्कार,

सोलापूरच्या पूर्व भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. येत्या जूनपासून अकरावीला आरोग्यसेवा हा व्यावसायिक विषय सुरू करण्याचे संस्थेने ठरवले असून त्याचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. परिचारिकेच्या हाताखाली रुग्णाची दैनंदिन काळजी घेणारा सहायक, ज्याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात, तो घडवणे हा या विषयाचा हेतू आहे. वर्गातील शिकवण्याची मला फारशी चिंता नाही. नाडी, श्वसन, तापमान, हातांची स्वच्छता, जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत वर्गीकरण, हे सारे नीट शिकवता येईल. अडचण आहे ती रुग्णालयातील प्रात्यक्षिकाची.

आमच्या बऱ्याच विद्यार्थिनींच्या आया घरी विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर असतात. बारावी झाली की, कधी त्याआधीच, यांतल्या काही मुली एखाद्या खासगी दवाखान्यात कामाला लागतात, आणि काहीही न शिकवता त्यांना थोड्याच दिवसांत सलाईन लावायला सांगितले जाते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला वापरलेल्या सुईला टोपण लावताना ती बोटात टोचली. अशा वेळी काय करायचे असते, हे तिला कोणीच सांगितलेले नव्हते. प्रात्यक्षिकाच्या नावाखाली आपणही रुग्णालयांना फुकटची माणसे पुरवणार असू, तर हा विषय सुरू न केलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र तो सुरू व्हावा, असे मला मनापासून वाटते. घरी तेलुगू, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी आमची मुलगी आजीला काय होते आहे ते डॉक्टरांना समजावून सांगते, हे मी पाहिले आहे, आणि सोलापूरच्या कोणत्याही वॉर्डात अशा मुलीची गरज आहे. म्हणून अनुभवी मंडळींना विचारते : सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना वॉर्डात नेमके काय करू द्यावे आणि कोठे थांबवावे? देखरेख कोणी करावी? पुढे नर्सिंगला जायचे असेल, तर अकरावीला कोणती शाखा घ्यायला सांगावी?

प्रतिसाद (निवृत्त परिसेविका)

ताई, पहिले सत्र मुलांना वॉर्डात नेऊच नका. शाळेतच एका खोलीत एक खाट, चादरी, बेडपॅन, रक्तदाबाचे यंत्र आणि एक पुतळा एवढी सोय करा. कुशीवर वळवलेल्या रुग्णाखालची चादर दोघींनी मिळून कशी बदलायची, हे एकमेकींवर करून पाहिल्याशिवाय हाताला वळण लागत नाही. श्वास मोजताना रुग्णाला तसे सांगायचे नसते, कारण कळले की त्याची लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवावे आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण मिनिटभर मोजावे. रक्तदाब घेण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवावा. या गोष्टी साध्या वाटतात, पण वॉर्डातल्या कितीतरी चुकीच्या नोंदी इथेच होतात.

दरम्यान, रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरील लसीकडे लक्ष द्या. सार्वत्रिक लसीकरणात ती देशभर २०११ च्या सुमारास आली, त्यामुळे तुमच्या सर्वच मुलांना तान्हेपणी ती मिळाली असेल, असे गृहीत धरू नका. लसीकरणाचे कार्ड पाहा. ० , १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात, म्हणजे जूनमध्ये सुरुवात केली तर डिसेंबरमध्ये ते पूर्ण होतात.

वॉर्डात एका अधिपरिचारिकेमागे (स्टाफ नर्स) दोनच मुली असाव्यात, तेही दिवसपाळीला. भरवणे, चालताना आधार देणे, खाटेला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणे, नोंदी घेणे, एवढे त्यांनी करावे. इंजेक्शन, सलाईन, औषध देणे, लघवीची नळी आणि वापरलेल्या सुया यांना त्यांनी हात लावायचा नाही, हे रुग्णालयाकडून लेखी घ्या आणि तो कागद सिस्टरच्या टेबलावर राहू द्या. हे लिहून द्यायला जे रुग्णालय तयार नसेल, तिथे मुली पाठवू नका. तरीही सुई टोचलीच, तर जागा पिळायची नाही, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच सांगायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागलेच, तर ते शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. हे मुलींच्या तोंडपाठ असायला हवे.

शाखेचे म्हणाल, तर एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या अभ्यासक्रमाला, कला शाखेची मुलगीही चालते. बीएस्सी नर्सिंगला मात्र भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते. प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात, हेही पालकांना आधीच सांगा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सिस्टर, आपले मनःपूर्वक आभार. कामांची लेखी मर्यादा हीच करारातली पहिली अट ठेवते आणि लसीचा खर्च संस्थेने उचलावा, असा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडते. पालकांचे संमतीपत्र तेलुगू आणि कन्नडमध्येही द्यायचे आहे. त्याचा मसुदा तपासून देऊ शकेल असे येथे कोणी असल्यास कृपया कळवावे.