भूल इंजेक्शनची, सुया नंतरच्या
कोणीतरी लिहिलंय की चीनमध्ये अमेरिकन पत्रकार रेस्टनचं अपेंडिक्स भूल न देता, नुसत्या अॅक्युपंक्चरच्या (शरीरावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार) सुया टोचून काढलं. ही दंतकथा फार जुनी आहे हो! जेम्स रेस्टन यांचं ऑपरेशन जुलै १९७१ मध्ये पेकिंगला (आताचं बीजिंग) झालं ते रीतसर भुलीचं इंजेक्शन देऊन. सुया आल्या नंतर, पोटात गॅस धरून जीव कासावीस झाला तेव्हा. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. तासाभरात आराम पडला, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

मी कंबरेसाठी अशा सुया घेतल्या होत्या. टोचताना डास चावल्यासारखं, पण डॉक्टर सुई बोटांत फिरवतात तेव्हा आतून जड, मुंग्या आल्यासारखं होतं. मला फरक पडला. सुयांमुळे की वीस मिनिटं गप्प पडून राहिल्यामुळे, देव जाणे. जर्मनीत २००७ साली कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा अभ्यास आला. खऱ्या अॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना गुण आला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या गोळ्या-व्यायामाने फक्त २७.४ टक्क्यांना. आता यातून काढा काय अर्थ काढायचा तो! जाणारच असाल तर सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा.