विषय: उद्यानाचा अर्ज परत आला आहे, स्मरणिकेतील ‘आपली काउंटी’ हे पानही बदलावे लागेल

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या सहभोजनासाठी केलेला उद्यानाचा अर्ज काल परत आला. पत्त्यात ‘व्हिटियर’ असे लिहिलेले असल्यामुळे मी तो त्या शहराच्या कचेरीत दिला होता. प्रत्यक्षात ते उद्यान दक्षिण व्हिटियरमध्ये, म्हणजे कोणत्याही शहरात समाविष्ट नसलेल्या भागात आहे आणि त्याची व्यवस्था लॉस एंजेलिस काउंटी, म्हणजे अनेक शहरे पोटात असलेल्या आपल्या कॅलिफोर्नियातील विभागाचे प्रशासन, पाहते. चूक माझी आहे. नवा अर्ज आज भरत आहे. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीलाही हाच घोळ झाला होता, तेव्हा स्मरणिकेतील पानावर ही गोष्ट स्पष्ट यायला हवी. सध्याच्या मजकुरात ‘लॉस एंजेलिस या एक कोटी वस्तीच्या शहरात’ असे शब्द आहेत. छपाईला शुक्रवारी द्यायचे आहे. नाना, कृपया पाहावे.

प्रेषक: नाना, स्मरणिका समिती

ते वाक्य माझे नाही. माझा मूळ लेख चार पानांचा होता. तो अर्ध्या पानात बसवताना शहर आणि काउंटी एक झाले. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १,००,१४,००९ होती आणि लॉस एंजेलिस शहराची ३८,९८,७४७. म्हणजे दहातील सहा माणसे त्या शहराबाहेर राहतात. काउंटीत एकूण ८८ शहरे आहेत आणि त्यांच्या हद्दींच्या मधे-मधे कोणत्याच शहरात नसलेला प्रदेश पसरला आहे. तो काउंटीच्या भूभागाचा जवळजवळ दोन तृतीयांश असून तेथे सुमारे दहा लाख लोक राहतात.

इतिहासाचा परिच्छेद मात्र कापू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. काउंटी १८ फेब्रुवारी १८५० रोजी स्थापन झाली आणि कॅलिफोर्निया राज्य त्यानंतर, ९ सप्टेंबरला, संघराज्यात आले. त्याआधी येथील मूळ रहिवासी टोंग्वा लोकांची वस्ती, १७७१ मधील सॅन गॅब्रिएल मिशन हे स्पॅनिश धर्मप्रचारकांचे केंद्र आणि १७८१ मध्ये लॉस एंजेलिसची वसाहत करणारे ४४ जण, एवढे तरी आलेच पाहिजे. १९०० मध्ये येथे १,७०,२९८ लोक होते, ते १९३० मध्ये २२ लाखांवर गेले. एवढी माणसे या कोरड्या मुलखात राहू शकली, कारण १९१३ मध्ये अभियंते विल्यम मलहॉलंड यांनी ओवेन्स खोऱ्यातून २३३ मैलांवरून पाणी आणले. पाण्यासाठीच सॅन फर्नांडो खोऱ्याचा मोठा भाग १९१५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सामील झाला. सॅन फर्नांडो गावाच्या स्वतःच्या विहिरी होत्या, म्हणून ते वेगळे राहिले. आज चहूबाजूंनी लॉस एंजेलिस आणि मधे ते छोटे शहर, असे नकाशावर दिसते.

प्रेषक: माई, सेरिटोस

नाना, पाण्याबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे. पण सगळी शहरे पाण्यामुळे झाली नाहीत, आमचे दुधामुळे झाले. आज जेथे आमची घरे आहेत तेथे गोठे होते. बिल्डरांपासून गोठे वाचवण्यासाठी दूधवाल्यांनी १९५६ मध्ये स्वतःचे शहर स्थापन केले आणि त्याचे नाव ‘डेअरी व्हॅली’ ठेवले. माणसांपेक्षा गाई कितीतरी अधिक होत्या. पुढे जमिनीचे भाव आणि कर वाढले, गोठे चिनोकडे गेले आणि १९६७ मध्ये शहराचे नाव सेरिटोस झाले. आपण सणाचे सामान आणायला पायोनियर बुलेव्हार्डवर जातो ते आर्टेशियाही डच आणि पोर्तुगीज दूधवाल्यांचेच गाव होते. आमच्या घरी पूर्वीच्या मालकांनी मागे ठेवलेली एक काचेची दुधाची बाटली आहे. तिचा फोटो पानावर घ्यावा, असे मी गेल्या वर्षीही सुचवले होते.

प्रेषक: एक सभासद, लँकेस्टर

पानावरील नकाशा सॅन गॅब्रिएल डोंगरांपाशी संपतो, याकडे लक्ष वेधतो. डोंगराच्या उत्तरेला अँटिलोप व्हॅली आहे. तो मोहावे वाळवंटाचाच भाग, परंतु काउंटी तीच. लँकेस्टर आणि पामडेल या दोन्ही शहरांची वस्ती प्रत्येकी दीड लाखाहून अधिक आहे. समुद्रातील कॅटलिना बेटही याच काउंटीत येते आणि १०,०६४ फुटांचे सॅन अँटोनियो शिखरही तिच्या सीमेवर आहे. आम्ही तालमीला दर शनिवारी डोंगर ओलांडून येतो. नकाशात तरी आम्हाला जागा असावी.

प्रेषक: वहिनी, अर्व्हाइन

नकाशा वाढवणारच असाल तर शीर्षकाचाही विचार व्हावा. मंडळाचे कितीतरी सभासद ऑरेंज काउंटीत राहतात, त्यांना ‘आपली काउंटी’ कशी म्हणावी? शिवाय एक कोटी हा आकडा जुना झाला. २०२० नंतरच्या अंदाजांत तो एक कोटीच्या खाली आला आहे. घरे परवडत नाहीत म्हणून आमच्यासारखी अनेक कुटुंबे बाहेर पडली. आणि ‘काउंटी’ऐवजी ‘जिल्हा’ हा मराठी शब्द का वापरू नये?

प्रेषक: नाना, स्मरणिका समिती

वहिनी, ऑरेंज काउंटी १८८९ पर्यंत आमच्यातच होती, सॅन बर्नार्डिनो १८५३ मध्ये आणि कर्नकडचा भाग १८६६ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे जुन्या अर्थाने शीर्षक आपल्यालाही लागू पडते. तरीही ‘लॉस एंजेलिस काउंटी’ असे सरळ नाव देण्यास माझी हरकत नाही. आकड्याशेजारी जनगणनेचे साल छापू.

‘जिल्हा’ या शब्दाला मात्र माझा विरोध आहे. जिल्हा म्हटले की आपल्या मनात सरकारने नेमलेले जिल्हाधिकारी येतात आणि गावाला ग्रामपंचायत असते. येथे पाच निवडून आलेले पर्यवेक्षक आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे वीस लाख लोक. पर्यवेक्षकांची संख्या नऊ करण्यास मतदारांनी २०२४ मध्ये मान्यता दिली. दक्षिण व्हिटियरसारख्या भागात महापौर नाही, नगरपालिका नाही. तेथे नगरपालिकेचे कामही काउंटीच करते. माझ्या गाडीची काच फुटली तेव्हा मी पत्त्यातील शहराच्या पोलिसांना फोन केला होता. ठाण्यातील बाईंनी शांतपणे रस्त्याचे नाव विचारले आणि फोन शेरिफकडे, म्हणजे काउंटीच्या पोलिसांकडे, जोडून दिला. लेकवुडने तर १९५४ मध्ये शहर होतानाच शेरिफची सेवा कराराने घेतली आणि पुढे अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. म्हणून शेरिफची गाडी दिसली, एवढ्यावरून तो भाग शहराबाहेरचा असे समजू नये.

प्रेषक: सचिव

सर्वांचे आभार. पान एकाऐवजी दोन पानांचे करू. पहिले वाक्य असे राहील: ‘टपालाच्या पत्त्यात शहराचे नाव असले तरी ती जागा त्या शहराच्या हद्दीत असेलच असे नाही, परवानगी मागण्यापूर्वी काउंटीच्या नकाशावर हद्द पाहावी.’ नकाशा अँटिलोप व्हॅलीसह येईल. माई, बाटलीचा फोटो गुरुवारपर्यंत पाठवावा. नव्या अर्जात उपस्थितांची संख्या लिहावी लागते, तेव्हा जेवणाला किती जण येणार हे प्रत्येक कुटुंबाने आज रात्रीपर्यंत कळवावे.