मदत हवी आहे: माणूस आणि चिंपँझी, ९८.८ टक्के की ९५? (तातडीचं)

घाईत_आहे: तीन तास झाले, आकडा काही जुळत नाही. एकीकडे ९८.८, दुसरीकडे ९६, तिसरीकडे ९५. फलक उद्या सकाळी छपाईला जातोय. खरा आकडा कोणता तेवढंच सांगा. डार्विनवर चर्चा नको, हात जोडतो.

कोपऱ्यातला: आकडा कशाचा?

घाईत_आहे: कशाचा म्हणजे? डीएनए किती सारखा त्याचा!

आजोबा७१: मुळात माणूस माकडापासून आलेलाच नाही. दोघांचा पूर्वज एक, साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. आधी हे लिहा.

घाईत_आहे: लिहिलंय हो काका. आकडा?

पेशीकेंद्र: तिन्ही बरोबर. २००५ साली चिंपँझीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, प्रसिद्ध झाला. माणूस आणि चिंपँझी दोघांच्या डीएनएची जी अक्षरं समोरासमोर मांडता आली, त्यांत १.२३ टक्के वेगळी निघाली, म्हणजे साडेतीन कोटी. हे तुमचे ९८.८. आता 'काल पाऊस पडला' आणि 'काल रात्री पाऊस पडला' ही वाक्यं घ्या. बदललेलं अक्षर एकही नाही, पण एक शब्द घुसलाय. असे घुसलेले आणि गळलेले तुकडे धरले की ९६ च्या आसपास येता. ९५ हा शास्त्रज्ञ रॉय ब्रिटन यांनी २००२ मध्ये छोट्या नमुन्यावरून काढलेला.

जनुकराव: ९६ च लिहा. ९८.८ म्हणजे सोयीचं तेवढं मोजायचं.

पेशीकेंद्र: बरं, मग घुसलेला शब्द हा एक बदल की त्यातलं प्रत्येक अक्षर वेगळा बदल? पहिल्या हिशोबाने सुमारे ५० लाख होतात, दुसऱ्याने काही कोटी. सोय तुम्हीही बघताय.

शेपूट: विषयांतराबद्दल क्षमस्व. चिंपँझीला शेपूट नसते, त्याला माकड म्हणू नका. कपी म्हणा.

आजोबा७१: संस्कृतात कपी म्हणजे माकडच!

कोपऱ्यातला: फलकावर आणखी काय आहे?

घाईत_आहे: छोटा तक्ता. चिंपँझी ९८.८, केळं ६०, सख्खा भाऊ ५०.

कोपऱ्यातला: अहो, हे आधी सांगायचं ना! भावापेक्षा केळं जवळचं?

शेपूट: माझा भाऊ बघितलात तर पटेल.

पेशीकेंद्र: अक्षरं मोजलीत तर कुठलीही दोन माणसं ९९.९ टक्के सारखी, भाऊ तर त्याहून जास्त. ५० म्हणजे आईवडिलांकडचा तोच तुकडा दोघा भावांकडे येण्याचं सरासरी प्रमाण. केळ्याचे ६० अक्षरांचे नाहीतच. आपल्या किती जनुकांचा ओळखू येईल असा नातलग केळ्यात सापडतो, त्याचा तो ढोबळ आकडा. तीन वेगळ्या फूटपट्ट्या एका रकान्यात! शिवाय डीएनएची अक्षरं चारच, त्यामुळे कुठल्याही दोन असंबद्ध ओळी शेजारी ठेवल्या तरी पाव अक्षरं योगायोगाने जुळतात.

जनुकराव: मग सव्वा टक्क्यात भाषा, विमानं, सगळं बसलं?

पेशीकेंद्र: टक्का म्हणजे फरकाचं वजन नव्हे. बरेचसे बदल काहीच करत नाहीत. कोणतं जनुक कधी आणि किती चालू होतं, तिथे मोठा फरक पडतो, असं मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं.

नवा_सभासद: मला पूर्वज शोधायची डीएनए चाचणी करायची आहे. लाळ द्यावी की रक्त?

घाईत_आहे: केळं आणि भाऊ उडवले. आता ओळ अशी: 'समोरासमोर मांडता आलेल्या अक्षरांपैकी ९८.८ टक्के सारखी.' चौकटीत मावत नाहीये, टंक लहान करतो. धन्यवाद.

शेपूट: कपीच लिहिलंत ना?