सोयाबीन गेलं की "नशीब" म्हणायचं, हे पटतं का?

कोरडवाहू:
आमच्या लातूर साइडला मळणी झाली की पारावर एकच वाक्य, "नशिबातच नव्हतं". मला आता हे ऐकवत नाही. पेरणीआधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याने उघडून बघायचं, 70 उगवले तर बी चांगलं. फुकटचं काम, पण करतंय कोण? 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून कृषी विभाग दरवर्षी घसा कोरडा करतो आणि आपण शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रानात गेला की आपलाही घालतो, मग दुबार पेरणी आली की कपाळाला हात.

बांधावरचा:
दादा, बोलायला सोपंय. सप्टेंबर 2025 ला मराठवाड्यात जे आभाळ फाटलं त्यात उगवण चाचणी करणाऱ्यांचं रान काय कोरडं राहिलं का? आमच्या चुलत्यांनी बीजप्रक्रिया केली म्हणजे बियाला औषध चोळलं, बीबीएफने (रुंद वाफे-सरी पाडून पेरणाऱ्या यंत्राने) पेरलं, सगळं पुस्तकाप्रमाणे. नदीकाठचं पीक तर गेलंच पण वरची मातीपण खरवडून गेली, खाली नुसते दगडगोटे. उरलेल्या रानात उभ्या झाडाला शेंगेतच कोंब फुटलेले. याला दैव नाही म्हणायचं तर काय म्हणायचं सांगा.

कोरडवाहू:
त्या वर्षाचं मान्य. पण दरवर्षी थोडंच तसं होतं? एका महापुराच्या आड वर्षानुवर्षांचा आळस लपवू नका एवढंच म्हणणं आहे.

आडत_लाईन:
दोघंही आभाळाकडंच बघताय, जरा मोंढ्याकडंपण बघा. ऑगस्ट 2021 ला भाव क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला होता, त्याच महिन्यात केंद्राने 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं, म्हणजे बाहेरचं तेल स्वस्त आणि दाब आपल्या सोयाबीनच्या भावावर. ही कुठल्या शनीची साडेसाती? कागदावर सही असते हो, माणसाची. तुम्ही नशीब म्हणता आणि सही करणारा निवांत सुटतो.

बांधावरचा:
बरं, सही माणसाची. पण ती माझ्याच्यानं बदलते का? नाही ना. मग माझ्यापुरतं ते आणि पाऊस सारखंच, दोन्ही वरून पडतं आणि आपण खाली.

आडत_लाईन:
बदलते की. हमीभाव केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत, हा नियम होता ना? नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान चार-पाच दिवसांवर आलं आणि 15 टक्के चालेल म्हणून आदेश निघाला. पावसाला असं करायला लावून दाखवा.

बांधावरचा:
म्हणजे दरवर्षी काढणीला निवडणूक लावा म्हणा की 😄

कोरडवाहू:
हसा, पण पुढच्या जूनमध्ये दाणे मोजा.