खावटीचा अर्ज आधी की समजुतीची बैठक?

बालाघाटची लेक
बीड जिल्ह्यात कौटुंबिक प्रकरणं चालवते. इथल्या बार रूममध्ये नव्या वकिलाला पहिला सल्ला मिळतो: "नवरा-बायकोचं प्रकरण आहे, आधी बैठक लाव, कागद नंतर." मला हे अजिबात पटत नाही. अंतरिम खावटीचा (पोटगीचा) अर्ज दाखल झाल्याशिवाय बाईला बैठकीला बसवूच नये.

ती बसते तेव्हा तिच्या हातात काय असतं? भावाच्या घरी राहते, भावजय बोलत नाही. समोर मामा, सरपंच, मुकादम (ऊसतोड मजूर नेणारा ठेकेदार). पहिल्या बैठकीला मुलगाच येत नाही. दुसरी दिवाळीनंतर ठरते, तोवर साखर कारखाने सुरू होतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, सगळे ऊसतोडीला; गावात कुणी नसतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल (मुकादमाकडची आगाऊ रक्कम) जोडीवर मिळते. जोडी मोडली की बाईचीही कमाई गेली, हे बैठकीत कुणी धरत नाही.

शेवट बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीवर. नोटरीचा शिक्का, खाली तिचा अंगठा, निम्मी रक्कम "नंतर देऊ". समाजात तशी फारकत देण्याची रूढी सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी (हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २९), एरवी त्या फारकतीने घटस्फोट होत नाही. तो दुसरी करून मोकळा, ही कायद्याने अजून त्याचीच बायको.

सीनियर, लातूर
ताई, समन्स दारात गेलं की गावभर होतं. मग मिटणारंही मिटत नाही. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ काढून बघा: कलम ९ समेटाचा प्रयत्न कोर्टावरच टाकतं, आणि कलम १३ प्रमाणे तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही. भांडण वकिलांच्या हातात जाऊ नये हाच त्यामागचा विचार. बैठकीतून परत नांदायला गेलेल्या मुलींची लेकरं आज कॉलेजात शिकताना मी बघतो. आणि हुकूम मिळाला तरी वसुली? वॉरंट घेऊन पोलीस गावात जातो, नवरा कर्नाटकात उसाच्या फडावर.

परभणीकर
मी वकील नाही, मुलाकडच्या बाजूचा आहे. आमच्या चुलतभावाच्या केसात म्हातारी आई अन् लग्न होऊन गेलेली बहीण दोघींची नावं घातली. आई गुडघे धरून एसटीनं तारखेला जायली. तिचा काय गुन्हा? मिटवायचं म्हणलं तर समोरचे वकील म्हणायलेत, आता कोर्टातच बघू.

बालाघाटची लेक
दादा, त्या म्हाताऱ्या आईचं नाव घालणं चूकच. सरसकट नावं घालणाऱ्या वकिलांमुळे खऱ्या प्रकरणांवरचाही विश्वास उडतो. पण मी म्हणते तो अर्ज वेगळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) बायको खावटी मागते ती फक्त नवऱ्याकडे. सासू-नणंदेचा तिथे संबंधच नाही.

सर, वसुलीचं खरं आहे. पण म्हणूनच उशीर नको. रजनेश विरुद्ध नेहा, २०२०: खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे बैठकांत गेलेल्या महिन्यांचा रुपयाही मोजला जात नाही. त्याच निकालात उत्पन्नाच्या शपथपत्राचा शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे: जमीन किती, कोरडवाहू की बागायती, कोणती पिकं घेतली, जनावरं किती. "सातबारा वडिलांच्या नावे, मी बेकार" एवढं सांगून सुटता येत नाही. मी पहिल्याच तारखेला हे शपथपत्र मागते. नुसत्या त्या कागदाने कितीतरी मुलांचा सूर बदललेला पाहिलाय.

ज्युनिअर, संभाजीनगर
पैशाचं कुणीच बोलत नाही. बाई वकील दिसली की ऑफिसमध्ये खावटीच्या फायली तिच्याकडे सरकवतात, जमिनीचे दावे पोरांकडे. विधी सेवा कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ते काम मी मनापासून करते, पण त्यावर खोलीभाडंही निघत नाही. दुसरीकडे एकरकमी तडजोडीत टक्का घेणारे आहेत. बार कौन्सिलच्या नियमात निकालावर ठरणारी फी चालत नाही, तरी घेतात. बैठकीचा आग्रह कुणाच्या फायद्याचा, तेही बघा.

सीनियर, लातूर
टक्का घेणाऱ्याला मी वकील म्हणत नाही, त्यात दुमत नाही. पण त्यापायी बैठक वाईट ठरत नाही. अर्ज टाइप करून ठेवा, पंधरा दिवस थांबा, एवढंच माझं म्हणणं.

बालाघाटची लेक
थांबते, पण त्या पंधरा दिवसांचे पैसे तिच्या खात्यावर आधी जमा झाले तर. अन् बैठकीची तारीख मुलाच्या सहीने लेखी हवी. तो आला नाही तर सोळाव्या दिवशी अर्ज दाखल.

सीनियर, लातूर
लेखी तारीख मान्य. पैशाची अट आधीच घातली तर मुलाकडचे बसणारच नाहीत.

बालाघाटची लेक
लेकराच्या दुधापुरते पैसे टाकायला जो तयार नाही, त्याच्याशी बैठकीत बोलायचं तरी काय, सर?