धारवाडची शिवण झिरकॉनने शोधायचीय, सॅम्पल कुठून उचलू?

दगडू_कोथरूड: एमएस्सी जिऑलॉजी, दुसरं वर्ष. डेझर्टेशनला धारवाड क्रॅटॉनचा (दक्षिण भारतातला अतिप्राचीन, स्थिर कवचाचा तुकडा) पश्चिम आणि पूर्व भाग जुळतो ती सीमा, म्हणजे शिवण, मिळालीय, चित्रदुर्ग शिअर झोनचा (जिथे खडक एकमेकांना घासत सरकलेत) पट्टा. गाईड म्हणाले झिरकॉन कर, म्हणजे ग्रॅनाइटसारख्या दगडातले ते टिकाऊ बारीक दाणे, आतल्या युरेनियमचं लेड किती झालं त्यावरून वय काढतात. आता वेताळ टेकडीवर बेसाल्टशिवाय काही नाही त्यामुळे झिरकॉन मी फक्त स्लाइडमध्येच बघितलाय. दहाच सॅम्पल परवडतील. कुठून घेऊ, आणि नुसतं युरेनियम-लेडचं वय पुरेल का?

गारगोटी: नाही पुरणार, मी तिथेच फसलो होतो. २६० कोटी वर्षांच्या आसपासचे ग्रॅनाइट पश्चिमेलाही आहेत नि पूर्वेलाही, मग वयावरून सीमा कशी दिसणार? त्याच दाण्यांवर हाफ्नियमची समस्थानिकं मोज. ल्युटेशियमचं हळूहळू हाफ्नियम होतं, पण झिरकॉनमध्ये ल्युटेशियम नावालाच आणि हाफ्नियम वजनाने साधारण १ टक्का, त्यामुळे दाणा तयार झाला तेव्हाचं हाफ्नियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर जवळपास तसंच टिकतं. वय सांगतं मॅग्मा कधी गोठला, हाफ्नियम सांगतं की तो मँटलमधून (कवचाखालच्या थरातून) ताजा आला का जुनंच कवच वितळून. वय सारखं पण एका बाजूला एप्सिलॉन हाफ्नियम (ते गुणोत्तर त्या काळच्या पृथ्वीच्या सरासरीपेक्षा किती वर-खाली) शून्याच्या वर, म्हणजे ताजा, नि दुसरीकडे बराच उणे, म्हणजे जुनं कवच, आला, की समज खालची जमीन वेगळी. सॅम्पल शिअर झोनला आडव्या रेषेत घे. ग्रॅनाइट, नीस (उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) एवढंच, हिरव्या मेटाबेसाल्टच्या (बदललेल्या बेसाल्टच्या) नादी लागलास तर पोतंभर फोडून चार दाणे.

अभ्रक_ताई: क्लोजपेट ग्रॅनाइटच्या (शिअर झोनच्या पूर्वेचा लांब उत्तर-दक्षिण पट्टा) पलीकडचेही घे रे. सीमा नेमकी कुठे यावर भांडणं आहेतच, काही जण तर मधे तिसरा तुकडा मानतात, पार कोलारपर्यंतचा. आणि सीएल इमेज (दाण्याच्या आतले थर दाखवणारा कॅथोडोल्युमिनेसन्स फोटो) न काढता मोजणीचा लेझर मारू नकोस. नीसमधल्या दाण्याला जुना गाभा नि नवी कड असते, हाफ्नियमचा स्पॉट मोठा, दोन्ही खाल्ले की भलताच आकडा येतो आणि आपण त्यालाच सीमा समजून बसतो!!

दगडू_कोथरूड: ताई, तुंगभद्रेची वाळू घेतली तर? एका खेपेत ढीगभर दाणे.

अभ्रक_ताई: पण कुठला दाणा कुठल्या डोंगरातून आला ते कोण सांगणार? सीमेसाठी जागेवरचाच दगड हवा.

गारगोटी: आणि दर सॅम्पलनंतर चाळणी ब्रशने साफ कर. मी आळस केला, एका ग्रॅनाइटमध्ये शेजारच्या नीसचे दाणे निघाले, महिना वाया.

दगडू_कोथरूड: वाळू कॅन्सल. चार पश्चिमेला, चार मधे, दोन क्लोजपेटपलीकडे. बंगलोर हायवेनेच चित्रदुर्ग लागतं, पावसाआधी कोणी गाडीने जाणार असेल तर सांगा, पेट्रोल अर्धं माझं. येताना डिकीत ऐंशीएक किलो दगड असतील एवढंच.